वाहिदची धुवारी

राळेगाव, ११ जानेवारी २०१८

माहनूर,

तुला दुआ. तू घर सोडून गेल्याला आज तीन महिने एकवीस दिवस झाले. फोनवर तू अम्मीशी बोलतेस हे मला माहीत आहे. हमीदा मोरीत जाऊन बोलते आणि आवाज जाऊ नये म्हणून नळ सुरू ठेवते. एवढं पाणी वाया जातं, पण मी काही म्हणत नाही. माझा आवाज आला की तू फोन ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. घरात आपण आपली हिंदी बोलतो, पण लिहिता येतं ते मराठीच, तेही दहावीपर्यंतचं. चालवून घे.

इकडे सगळं ठीक आहे. सकाळी दुकान उघडतो, बस स्टँडवरून दोन चहा येतात, एक मी पितो, एक थंड होतो. दुसरा तुझा होता, तो बंद करायला सांगायचं राहून जातं. फवारणीचे पंप आता कोणी आणत नाही, हंगाम संपला. सायकली आणि कुलरच्या मोटारी येतात. बोंडअळीनं या वर्षी कपाशी खाऊन टाकली. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली. बाजारात कोणी मोठ्यानं बोलत नाही.

तांड्यावरच्या लखीरामचं फवारणीत जे झालं ते झालं. औषध जहाल होतं, कपाशी डोक्याच्या वर गेली होती, ऊन होतं. साऱ्या जिल्ह्यात माणसं फवारा मारता मारता पडली, एकट्या वामनरावांच्या शेतात नाही. लखीराम पाचव्या दिवशी दवाखान्यात वारला, त्याला दुकानात बसून पंप दुरुस्त करणारा माणूस काय करणार, हे तूच सांग.

मला काही वाटत नाही, हे मात्र खरं लिहितो. परवा सोल्डरिंग करताना बोट भाजलं. जळल्याचा वास आला तेव्हा मी आधी वायर पाहिली, मग बोट.

अब्बा

राळेगाव, ३ फेब्रुवारी २०१८

माहनूर,

पत्राचं उत्तर आलं नाही. येणार नाही हे माहीतच होतं. मागच्या पत्रात मी तुला ‘तूच सांग’ असं लिहिलं. तू तर सांगितलं होतंस. आम्ही ऐकलं नाही.

तेव्हा लखीराम का मेला याची राळेगावात जितकी तोंडं तितकी कारणं होती. तांड्यावरचे म्हणाले, देवीचं काही राहिलं असेल. वामनराव म्हणाले, त्याच्या अंगात ताकदच नव्हती. औषधाच्या दुकानदारानं सांगितलं, उपाशीपोटी मारला असेल. जो तो आपल्या सोयीचं कारण घेऊन बसला होता. कारण एकदा हाती आलं की माणूस निवांत होतो, ते खरं का खोटं हे पाहायची त्याला गरज राहत नाही.

तू एकटी वही घेऊन बसलीस. मागच्या वर्षीही लखीरामच होता, शेत तेच, औषध तेच, सप्टेंबरही तोच. मग या वर्षी नवीन काय, असं तू विचारलंस. कपाशी उंच झाली आणि पंप बदलला. कपाशीची उंची आपल्या हातात नाही, म्हणालीस, पंप आहे.

तो पंप मी बदलला होता. तुला माहीत आहे, पण एकदा माझ्या हातानं लिहू दे. पऱ्हाटी उंच गेली, साध्या पंपाचा फवारा शेंड्याला पोचेना. मी जोरदार मोटार बसवली, दोन तोंडांचा नोजल केला आणि त्याची भोकं बारीक केली. पाणी थेंबाऐवजी धुक्यासारखं निघायला लागलं. आपल्याकडे धुक्याला धुवारी म्हणतात, तर लोक त्याला ‘वाहिदची धुवारी’ म्हणायला लागले. पार मारेगावकडून माणसं विचारत आली. मी मनातून फुगलो होतो, खोटं कशाला बोलू? पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू दुरुस्त केल्या. ही पहिली वस्तू माझ्या नावाची होती.

तू कॉलेजचे दोन पांढरे कुडते घेतलेस. टाकीत औषधाऐवजी कपड्यांची नीळ कालवलीस. मला म्हणालीस, ‘अब्बा, तुम्ही पंप घ्या.’ मी घेतला नाही. तू स्वतः पाठीवर घेतलास, दुकानामागच्या तुरीत तेवढ्याच वेळ, तेवढ्याच चालीनं फिरलीस. एकदा जुना नोजल, एकदा माझा. बाकी काही बदललं नाहीस. जुन्या नोजलचा कुडता गुडघ्यापाशी निळा झाला. माझ्या नोजलचा गळ्यापासून खालपर्यंत. तुझ्या पापण्याही निळ्या होत्या. यवतमाळहून चौकशीवाले दुसऱ्या दिवशी येणार होते, म्हणून तू दोन्ही कुडते दोरीवर वाळत घातलेस.

फजरची नमाज पढून आलो आणि मी ते धुतले.

साबण लावून, तीन पाण्यातून काढून, पिळून परत त्याच दोरीवर टाकले. निळीनं ते आधीपेक्षा जास्त पांढरे झाले. तू उठलीस, दोरीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. एक कुडता घडी करून माझ्या हत्यारांच्या पेटीवर ठेवलास, दुसरा पिशवीत घातलास आणि अमरावतीच्या गाडीत बसलीस. तिथून अकोला. अम्मी म्हणते, तिथं तू माती तपासतेस.

पेटीवरचा कुडता अजून तिथंच आहे. मी तो उचलून पेटी उघडतो आणि परत तसाच ठेवतो.

अब्बा

राळेगाव, १९ मार्च २०१८

माहनूर,

काल बाजारात बिजलीबाई दिसली, लखीरामची बायको. भाजी घेत होती. मला वाटलं तोंड फिरवेल, पण ती सरळ समोर आली.

‘चाचा, एक पुसू का?’ म्हणाली. ‘माह्या माणसानं जन्मात दारूले बोट नाही लावलं. गळ्यात माळ होती त्याच्या. तुमच्या दुकानात बसून चहा पेत होता. मंग तुमी साहेबाले काहून सांगतलं का तो पेत होता म्हणून?’

मी म्हटलं, ‘मी तसं नाही म्हणलो, बिजलीबाई.’

‘कागदावर हाय,’ ती म्हणाली. ‘पोरीनं वाचून दाखवलं मले. तुमचं नाव बी हाय.’

तिनं वांगी घेतली आणि गेली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, चार लोक जमले असते, मीही चार शब्द बोललो असतो.

हे तुला माहीत नव्हतं. तू गेल्यानंतरचं आहे. चौकशीवाले दुकानात आले, पंप पाहिला. त्यांच्यातल्या एकानं सहज विचारलं, माणूस व्यसनी वगैरे होता का? सहजच विचारलं. मी म्हटलं, घेत असेल साहेब, मजूर माणूस आहे. एवढंच. त्यांनी लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. पुढं मग कोणी नोजलकडे पाहिलंच नाही. कागदावर आता लखीराम दारूच्या नशेत, तोंडाला फडकं न बांधता, स्वतःच्या चुकीनं मेला आहे. तांड्यावरची माणसंही हळूहळू म्हणायला लागली आहेत, असेल बाबा, लपून घेत असेल. छापलेल्याची एवढी ताकद असते. बिजलीबाई एकटी राहिली आहे, जिला ते खोटं आहे हे माहीत आहे. आणि मी.

घरी येऊन जेवलो. हमीदा म्हणाली, ‘भाजीत मीठ नाही, तुम्ही बोलला का नाही?’ मला कळलंच नव्हतं.

अब्बा

राळेगाव, ९ मे २०१८

माहनूर,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, ‘चाचा, बस दोनच ओळी?’ मी म्हटलं, पुरेत.

ना सलाम, ना नाव. ‘तसे किती पंप केले? ते आता कुठे आहेत?’

मी ते काचेखाली ठेवलं. दिवसभर पाहत होतो. मी तीन पत्रं लिहिली ती माझ्याबद्दल. बोट भाजलं, मीठ कळलं नाही. तू विचारलंस ते पंपांबद्दल. माझ्या मनात खरंच एकदाही आलं नव्हतं की ते सगळे पंप अजून लोकांच्या घरात टांगलेले आहेत. जूनमध्ये पेरणी, जुलैच्या शेवटी फवारणी. ते परत पाठीवर जाणार.

वहीत नोंद नव्हती. चेहरे आठवत गेलो. एकतीस. त्यातला लखीरामचा सरकारजमा. राहिले तीस.

आता एक गोष्ट राहिली आहे. ती कोणालाच माहीत नाही, हमीदालाही नाही. हे लिहायला सहा दिवस लागले, कार्ड तीन तारखेलाच आलं होतं.

लखीराम मरायच्या आठ-दहा दिवस आधी दुकानात आला होता. नेहमीच्या स्टुलावर बसला, चहा प्यायला. म्हणाला, ‘चाचा, धुवारी झकास हाय, शेंड्यावर जाते. पण वारा फिरला का समदी तोंडावर येते. नाकात जाते. संध्याकाळी डोळ्याले बराबर दिसत नाही.’

माझ्या हातात कुलरची मोटार होती. मी वर पाहिलं नाही. म्हटलं, ‘मंग फडकं बांध ना बाप्पा. मी काय वाऱ्याले थांबवू?’

तो हसला. म्हणाला, ‘हे बी खरं हाय.’ आणि गेला.

तू दहा वर्षांची होतीस तेव्हा त्याच स्टुलावर बसून स्क्रू उचलून द्यायचीस. गिऱ्हाईक आलं की तूच सांगायचीस, याची बॅटरी गेली, याचा वायसर गेला. मी तुला दोन गोष्टी शिकवल्या. ‘आधी खोलून पाह्य, मंग बोल.’ आणि ‘एका टायमाले एकच पार्ट बदल, नाहीतर कशानं सुधरलं ते कळत नाही.’ लोक म्हणतात माहनूरला कॉलेजनं शिकवलं. तू तर माझ्याच दुकानात शिकलीस. तुला चांगलं आठवत होतं. मीच विसरलो. माणूस समोर बसून सांगत होता काय बिघडलं ते, आणि मी खोललंच नाही.

मला लाज वाटते. इतके महिने काही वाटत नव्हतं, आता हे वाटतं.

अब्बा

राळेगाव, २२ जुलै २०१८

माहनूर,

ईद झाली. तू आली नाहीस. हमीदानं माझ्यासाठी पांढरा कुडता शिवून घेतला होता, मी तो घातला नाही. जुन्यावरच नमाज पढली. ती रागावली.

तीसपैकी सत्तावीस पंपांचे नोजल काढून आणले. सायकलवर जिथं जाता येतं तिथं सायकलनं, बाकी एसटीनं. तेवढेच साधे नोजल सोबत नेतो आणि तिथंच बसून बदलून देतो. काही देतात, काही शिव्या घालतात. ‘चांगला हाय ना, कायले काढता?’ म्हणतात. मी म्हणतो, तोंडावर येतो. ते म्हणतात, येऊ दे, अळी तर मरते. माझं नाव निघालं तेव्हा मला जेवढं गोड वाटलं होतं, तेवढंच आता त्यांना तो पंप गोड वाटतो. दोष कोणाला देऊ?

राहिलेल्या तीनपैकी दोन मजुरांसोबत बाहेर गेले, एक फुलसावंगीकडं आहे म्हणतात, एकाचा पत्ता नाही. तिसरा इथंच, तांड्यावरच्या नेमसिंगकडं. तो देत नाही.

‘मी मागचं अख्खं साल मारलं, चाचा. मले तं काहीच नाही झालं. लखीरामले कायनं झालं ते देव जाणे.’

मी म्हटलं, ‘नेमसिंग, बिना ब्रेकची सायकल चढावर मस्त चालते. उतार आला का कळते.’

‘तुमी पाह्यलं का डोळ्यानं?’ तो म्हणाला. ‘पोरगी म्हणली अन् तुमी मानलं. मले दाखवा, मंग देतो.’

मला त्याचा राग आला आणि मग राग गेला. बरोबर बोलत होता. तूही हेच म्हणाली असतीस.

वामनराव रस्त्यात भेटले. माझ्या कानावर सगळं आलं आहे, म्हणाले. ‘वाहिदभाई, आता कायले उकरून काढता? गेलेला माणूस वापस येते काय? तुमी चूप, मी चूप, गाव चूप. तुमच्यावर आलं तं कोण सोडवन तुमाले?’ चांगल्यासाठीच सांगत होते. माणूस वाईट नाही. मी त्यांना म्हटलं, तुमच्या धुऱ्याजवळची, बांधालगतची कपाशीची दोन तासं, दोनच ओळी, मला एक सकाळ द्या. ते पऱ्हाटीकडे पाहत म्हणाले, औषध नका हो मारू. मी म्हटलं, नीळ आहे.

कपाशी अजून कमरेएवढी आहे. महिनाभर थांबतो. लहान झाडात मारला तर नेमसिंग म्हणेल, चाचानं आपल्या सोयीचं पाहिलं.

अब्बा

राळेगाव, २७ ऑगस्ट २०१८

माहनूर,

काल सकाळी केलं. तू केलं होतंस तसंच, जेवढं आठवलं तेवढं. दोन तासं, एकच चाल, टाकीत पाणी आणि नीळ. पहिल्यांदा जुना नोजल आणि तो तुझा पेटीवरचा कुडता. अंगात नीट बसला नाही, पुढून तसाच बांधला. दुसऱ्यांदा लोकांनी परत दिलेल्यांतला एक नोजल आणि माझा ईदचा नवा कुडता. हमीदाला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘वैसे भी आपने पहना कहाँ.’ मग स्वतःही आली, छत्री घेऊन धुऱ्यावर उभी राहिली.

वामनराव आले. नेमसिंग आला, आणि तांड्यावरचे सात-आठ जण. मी बिजलीबाईला निरोप दिला होता. ती सगळ्यांच्या मागं होती.

कपाशी माझ्या छातीला लागत होती. जुन्या नोजलनं पायजमा भिजला, कुडत्याच्या खालच्या कडेला निळे ठिपके आले. मग धुवारी लावली. सात-आठ पावलं गेलो तोवर काही नव्हतं, मला वाटलं, बघ, काहीच नाही. एवढं होऊनही मला आतून आनंद झाला, हे तुला सांगायलाच हवं. मग वारा फिरला. फार नाही, पानं हलली एवढाच. सगळं थंडगार तोंडावर आलं. श्वास घेतला तर घशात निळीची चव. डोळे मिटले तरी चालत राहिलो, कारण लखीरामही चालत राहिला असेल. तो तर दिवसभर चालला.

बाहेर आलो. हमीदानं तोंडाला पदर लावला. मी नाक शिंकरलं, रुमाल निळा. नेमसिंग जवळ आला, रुमाल पाहिला, माझ्या गळ्याकडे पाहिलं. तसाच तांड्यावर गेला आणि नोजल काढून घेऊन आला. माझ्या हातात दिला नाही, धुऱ्यावरच्या दगडावर ठेवला आणि दुसऱ्या दगडानं ठेचला.

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. लखीराम दारू पीत नव्हता, ते मी खोटं बोललो. तो मरायच्या आधी मला सांगून गेला होता की तोंडावर येतं, मी ऐकलं नाही. दोन्ही वाक्यं रात्री पाठ केली होती, तरी दुसरं म्हणताना अडखळलो.

बिजलीबाई पुढं आली. मला वाटलं मारेल. तिनं एक बोट माझ्या छातीवरच्या ओल्या निळीला लावलं आणि वास घेतला.

‘याले वास नाही,’ ती म्हणाली. ‘त्याच्या सदऱ्याले वास होता. दवाखान्यातून आणला तवा मी तो सदरा तीन डाव धुतला. हातानं. तरी वास गेला नाही.’ मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘धुवू नको म्हणून मले कोनीच नाही सांगतलं.’

माहनूर, तेव्हा मी खाली बसलो. पाठीवर पंप होता तसाच. किती वेळ रडलो ते माहीत नाही, हमीदानं पट्टे सोडवले.

आज तहसिलात जाऊन नवीन जबाब दिला. बाबू म्हणाला, फाईल बंद झाली चाचा, आता कायले? मी म्हटलं, बंद वस्तू खोलणं हाच माझा धंदा आहे. त्यानं अर्ज घेतला आणि आवकचा शिक्का मारला. त्याची एक नकल बिजलीबाईला दिली, तिच्या पोरीनं तिथंच मोठ्यानं वाचली, माझं नाव आलं तिथंही थांबली नाही. पुढं माझ्यावर काय येईल ते माहीत नाही. येऊ दे. उद्या फुलसावंगीला जातो. दोन पंप अजून बाहेर आहेत.

चहावाल्याला आज सांगितलं, एकच आण. तो म्हणाला, ‘माहनूरदीदी येणार नाहीत काय?’ मी म्हटलं, ते मला विचारू नको.

या पत्रासोबत पार्सल आहे. त्यात दोन्ही कुडते आहेत, तुझा आणि माझा, उन्हात न घालता सावलीत वाळवलेले. धुतलेले नाहीत. नळाजवळ नेलेसुद्धा नाहीत.

आधी खोलून पाहा. मग बोल.

अब्बा